हिवाळ्यात काळं पडणारं नळाचं पाणी : एका लघु प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम विदर्भातल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातलं हे मातीचं धरण आहे. ७२ च्या दुष्काळानंतर लघु प्रकल्पांची जी कामं निघाली, त्यांतलंच एक. गावांची आणि माणसांची ओळख पटेल असा तपशील इथे मुद्दाम गाळला आहे. अशी धरणं यवतमाळ, वाशीम, अकोला, बुलडाणा कुठेही सापडतील.

मूळ उद्देश सिंचनाचा. पुढे आठ गावांची प्रादेशिक नळयोजना याच पाण्यावर बेतली गेली. त्यामुळे धरण एका खात्याचं, जॅकवेल (धरणातून पाणी उपसायची विहीर) आणि फिल्टर प्लांट दुसऱ्या यंत्रणेचे, आणि गावातल्या टाक्या नि नळ ग्रामपंचायतींचे. पाणी चांगलं आलं तर तिघांचंही, बिघडलं तर कुणाचंच नाही, ही नेहमीची रीत इथेही होती.

धरण पूर्ण भरलं की भिंतीजवळ बाराएक मीटर खोली मिळते. मे अखेर तीच तीन-चार मीटरवर येते. म्हणूनच जॅकवेलला तीन पातळ्यांवर तीन गेट ठेवली होती : वरचं, मधलं आणि खालचं. पाणी जसं उतरेल तसं एकेक गेट खाली यायचं, अशी मूळ आखणी. प्रत्यक्षात खालचं गेट बारमाही उघडं असायचं आणि वरची दोन्ही कित्येक वर्षांत कुणी हलवली नव्हती. याला आळस म्हणणं सोपं आहे, पण ऑपरेटरच्या बाजूने पाहिलं तर त्यात हिशोब होता. खालचं गेट उघडं असलं की पाणी कितीही उतरलं तरी पंप हवा ओढत नाही, आणि रात्री-बेरात्री डोंग्यातून जाऊन गेटचा स्पिंडल, म्हणजे ते हलवणारा दांडा, फिरवावा लागत नाही. योजना बंद पडली की फोन त्याला येतात. पाण्याला वास आला तर तितके येत नाहीत. निदान त्या हिवाळ्यापर्यंत तरी येत नव्हते.

वर्षभर पाणी कसं बदलायचं

प्लांटवरच्या माणसांना दोन ऋतूंची पक्की माहिती होती. पहिला पावसाळा. जूनच्या शेवटी नाल्यांना पहिला पूर आला की काळ्या मातीचा गाळ उतरतो, पाणी चहासारखं होतं आणि तुरटीचा डोस वाढवावा लागतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२ ची आवृत्ती), गढूळपणासाठी १ एनटीयू ही स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ ही कमाल मर्यादा सांगतं. त्या दिवसांत धरणातलं कच्चं पाणी याच्या कित्येक पटींनी गढूळ असतं. रेगडीचे कण इतके बारीक की तुरटीशिवाय ते बसतच नाहीत. पण हे दिसणारं संकट आहे. ऑपरेटर डोळ्यांनी पाहतो आणि डोस ठरवतो.

दुसरा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये उरलेलं पाणी तापतं, हिरवं पडतं, दुपारी त्याचा पीएच ९ च्या आसपास चढतो. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्याचा हा परिणाम. पीएच वाढला की क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद घटते, म्हणून उन्हाळ्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जास्त लागतं. हेही प्लांटवर ठाऊक होतं; त्यामागचं कारण कुणाला माहीत नसलं तरी अनुभवाने कळलं होतं.

तिसरा ऋतू मात्र कुठल्याच रजिस्टरात नव्हता. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो, ऊन चटकतं आणि वारा पडतो. धरण तेव्हा काठोकाठ, म्हणजे वर्षातलं सर्वांत खोल असतं. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, आणि दोन्ही मिसळत नाहीत. थर टिकायला फार फरक लागत नाही. कोमट पाण्याची घनता प्रत्येक अंशाला थंड पाण्यापेक्षा जास्त बदलते : ३० अंशांच्या आसपास एका अंशाने जेवढा फरक पडतो, तो १० अंशांजवळच्या फरकाच्या जवळपास तिप्पट असतो. म्हणून आपल्याकडच्या धरणांत चार-पाच अंशांच्या फरकानेही वरचं वर आणि खालचं खाली राहतं.

खालच्या थराची गत धान्याच्या बंद पेवासारखी होते. आत जो प्राणवायू आहे तो संपतो आणि नवा आत येत नाही. तळाशी पावसाने वाहून आणलेला पालापाचोळा, शेण, गाळपेर जमिनीवरचं, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरलेल्या जमिनीवरचं, कुजकं खोड असतं. ते कुजताना प्राणवायू संपवतात. तो संपला की गाळात घट्ट बसलेलं मँगनीज आणि लोह विरघळून पाण्यात उतरतात, पुढे सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड होतं, अमोनिया वाढतो. विरघळलेल्या रूपात लोह आणि मँगनीज दोन्हींना रंग नसतो. ग्लासात पाणी स्वच्छच दिसतं.

आणि मग थंडी पडते. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, लाट आली तर त्याहून खाली. वरचं पाणी थंड होऊन जड होतं, बुडतं, आणि सगळं धरण ढवळून निघतं. दोन-अडीच महिने तळाशी साचलेलं सारं एका आठवड्यात वरपर्यंत येतं.

अडचण

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. सांडवा वाहिला होता आणि सगळे खुशीत होते. दिवाळीनंतर नळाला हलका वास यायला लागला, पण तेवढ्यावर कुणी तक्रार करत नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात थंडीची लाट आली आणि चार-पाच दिवसांत आठही गावांतून ओरड सुरू झाली. सडलेल्या अंड्यासारखा वास. संध्याकाळी भरलेल्या गुंडात सकाळी काळपट साका. धुतलेल्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग. कोरा चहा तर शाईसारखा, कारण लोह आणि चहातला टॅनिन एकत्र आले की तो रंग येतोच.

"काऊन बाप्पा, भरताना तं पाणी चांगलं दिसते, मग रातच्या रातीत काळं कसं होते?" एका बाईने ग्रामसभेत विचारलेला हा प्रश्न त्या साऱ्या प्रकरणातला सर्वांत नेमका होता. उत्तर त्या वेळी कुणाकडेच नव्हतं. पाइपलाइन फुटून गटाराचं पाणी आत शिरतंय, असा सगळ्यांचा अंदाज होता, आणि सरपंचताईंनी दोन जागी खोदूनही पाहिलं. काही सापडलं नाही.

मी त्या काळात जिल्ह्यात पाणी गुणवत्तेचं सल्लागाराचं काम करत होतो. मला कळलं तोवर पहिला निर्णय घेऊन झाला होता.

पहिला निर्णय : टीसीएल वाढवणे

वास आला, म्हणजे पाणी दूषित. दूषित आहे, म्हणजे टीसीएल कमी पडतंय. गावपातळीवरचं सारं प्रशिक्षण हेच सांगतं आणि वर्षातल्या अकरा महिन्यांत ते बरोबरही असतं. ऑपरेटरने डोस दुप्पट केला. दुसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी जास्त काळं झालं. त्याने आणखी वाढवला.

झालं असं की क्लोरीनने विरघळलेल्या मँगनीजला काळ्या कणांमध्ये बदललं. ही क्रिया सावकाश होते. फिल्टरमधून पाणी रंगहीनच बाहेर पडायचं आणि काळेपणा टाकीत, पाइपात, घरच्या गुंडात उतरायचा. बाईच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. क्लोरीन जितकं जास्त, तितकं घरी पोचेपर्यंत पाणी अधिक काळं.

शिवाय क्लोरीन जंतूंसाठी उरतच नव्हतं. १ मिलिग्रॅम लोहाला ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं, मँगनीजला १.२९. सल्फाइड पूर्ण संपवायचं तर आठपटीहून जास्त, अमोनियालाही प्रत्यक्षात आठ ते दहा पट. टीसीएलमध्ये ताजं असतानाच साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, आणि दमट खोलीत उघड्या पोत्यात ठेवलं की तेही भराभर उतरतं. पोती रिकामी होत होती आणि शेवटच्या गावात क्लोरीनचा पत्ता नव्हता.

मग हे लक्षात कसं आलं नाही? कारण रजिस्टरात सगळं ठीक दिसत होतं. या जागी मी जरा रेंगाळणार आहे, कारण अशा पाण्यात गावातल्या दोन्ही साध्या चाचण्या फसवतात आणि दोघींच्या फसवण्याच्या दिशा उलट असतात.

जलसुरक्षक रोज ओटी टेस्ट करायचा. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. पण ऑक्सिडाइझ झालेलं मँगनीजही ओटीला पिवळा रंग देतं. शेंड्याच्या गावातल्या नळावर पिवळा रंग येत होता, आणि तो क्लोरीनचा नव्हता. मुलगा प्रामाणिक होता, रोज फिरायचा, जे दिसलं तेच लिहायचा. मानकाप्रमाणे नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं, आणि त्याच्या वहीत ते रोज होतं.

दुसरी, एच२एस बाटली. तीत पाणी भरून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर जंतू आहेत, असं धरायचं. आशाताईंनी लावलेल्या सगळ्या बाटल्या काळ्या पडल्या आणि गावात घबराट पसरली. पण पाण्यातच सल्फाइड असेल तर बाटलीतला लोहाचा क्षार जंतूंशिवायही काळा पडतो. फरक वेळेचा असतो. जंतूंमुळे काळी पडायला बारा-चोवीस तास तरी जातात. सल्फाइडमुळे बाटली भरल्या-भरल्या, पाहता-पाहता काळवंडते. आशाताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "झाकण लावलं न लावलं तोच काळी झाली, भाऊ." ती नोंद कुणी लिहून ठेवली नव्हती, कारण तक्त्यात फक्त 'काळी' आणि 'पांढरी' असे दोनच रकाने होते.

म्हणजे एक चाचणी धोका नसल्याचं सांगत होती, दुसरी जंतूंचा धोका सांगत होती, आणि खरं दोन्हींच्या बाहेर होतं. गावच्या एफटीके पेटीत (जागेवर पाणी तपासायच्या पेटीत) लोहाची बाटली होती, मँगनीजची नव्हती.

कारणाचा शोध

धरणातल्या मच्छीमार संस्थेच्या एका म्हाताऱ्या सभासदाने आम्हाला डोंग्यातून आत नेलं. तो सहज म्हणाला की गेल्या आठवड्यात पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेत होते, काही मेलेही. दर दोन-चार वर्षांनी थंडीत असं होतं. ही माहिती प्लांटवर कुणाला नव्हती, आणि कुणी त्याला विचारलंही नव्हतं.

साधन साधंच होतं. काचेची बाटली, तळाला दगड बांधलेला, बुचाला वेगळी दोरी. हव्या त्या खोलीवर बाटली सोडायची आणि दुसरी दोरी हिसकून बूच उपटायचं. बाहेर काढल्याबरोबर तिच्यात थर्मामीटर. वरचं, मधलं आणि तळाचं पाणी जवळपास एकाच तापमानाचं निघालं. लोहाच्या किटनेही तिन्ही ठिकाणी सारखाच रंग दाखवला. म्हणजे धरण ढवळून झालं होतं.

हे समजणं निर्णयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं ठरलं, कारण तोवर सगळ्यांचा, माझाही, कल गेट वर उचलण्याकडे होता. पुस्तकी उत्तर तेच आहे : खालचं पाणी खराब, तर वरचं घ्या. पण आता वर आणि खाली असं काही उरलंच नव्हतं. गंजलेलं गेट सोडवायला पाणबुड्या आणायचा, चार दिवस योजना बंद ठेवायची, आणि हाती तेच पाणी यायचं.

जिल्हा प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा अंदाज पक्का झाला. मँगनीज ०.३ मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेच्या वर, लोहही १ च्या वर, अमोनिया जास्त, नायट्रेट जेमतेम. नायट्रेट कमी आणि अमोनिया जास्त, हे प्राणवायू संपल्याचंच लक्षण.

समोरचे पर्याय

पुरवठा बंद करून टँकर लावावा, ही पहिली मागणी. लोकांची होती आणि समजण्यासारखी होती. पण आठ गावांना टँकर मंजूर होऊन फिरेपर्यंत बरेच दिवस जाणार, आणि दरम्यान लोक काय पिणार? याचं उत्तर दोन गावांत दिसलंच. फ्लोराइडमुळे लाल रंग मारलेले हातपंप पुन्हा सुरू झाले होते. यवतमाळकडच्या भागात भूजलातल्या फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. १.५ मिलिग्रॅमच्या वरचं पाणी दोन-तीन आठवडे प्यायल्याने हाडं वाकत नाहीत, हे खरं. पण वर्षानुवर्षं समजावून सोडवलेली सवय एकदा परत लागली की लागली. हातपंपाचं पाणी दिसायला नितळ आणि नळाचं काळं, तेव्हा लाल रंगाला कोण विचारतो!

दुसरा पर्याय थांबण्याचा. धरण ढवळलं म्हणजे त्यात प्राणवायूही शिरला. काही आठवड्यांत लोह आणि मँगनीज आपोआप खाली बसणार होतं. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर होतं, पण ग्रामसभेत उभं राहून "थांबा" म्हणणं कुणाच्याच ताकदीचं नव्हतं. आणि बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांचा प्रश्न होता. मँगनीजकडे पूर्वी फक्त डाग पाडणारं म्हणून पाहिलं जायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बाळांचा विचार करूनच ०.०८ मिलिग्रॅमचं तात्पुरतं मार्गदर्शक मूल्य सुचवलं. पाणी उकळून मँगनीज जात नाही.

तिसरा, प्लांटवरच उपचार. प्लांटच्या तोंडाशी पायऱ्यांचा कॅस्केड होता, ज्यावरून कोसळताना पाण्यात हवा मिसळते. पण तो बायपास केलेला. पायऱ्या फुटल्या होत्या आणि थोडं पाणी सांडायचं म्हणून कुणीतरी कधीतरी व्हॉल्व्ह फिरवून ठेवला होता. हवेने वास जातो, लोहही जातं. मँगनीज मात्र नुसत्या हवेला दाद देत नाही. त्याला पोटॅशियम परमँगनेट लागतं. लोहाच्या ०.९४ पट आणि मँगनीजच्या १.९२ पट. जास्त पडलं तर पाणी गुलाबी होतं आणि लोकांचा उरलासुरला विश्वासही जातो, म्हणून अभियंत्यांचा विरोध होता. तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.

काय केलं

शेवटी मिश्र मार्ग निघाला. पुरवठा सुरू ठेवला, पण एक दिवसाआड, म्हणजे प्लांटमधून पाणी निम्म्या वेगाने जाईल आणि बसायला वेळ मिळेल. वापरायला नळ, प्यायला जुन्या सार्वजनिक विहिरी. ज्या गावांत विहिरी धड होत्या तिथे उपसून, टीसीएल टाकून सुरू केल्या. दोन गावांना टँकर. अंगणवाडी सेविकांनी बाळांची घरं शोधून त्यांना विहिरीचंच पाणी उकळून द्यायला सांगितलं. लाल हातपंपांचे दांडे सरपंचताईंनी काढून ग्रामपंचायतीत आणून ठेवले. यावरून थोडी बाचाबाची झाली.

कॅस्केड सिमेंट लावून दुरुस्त केला आणि बायपास बंद केला. वास बराचसा त्याच दिवशी गेला. खर्च फार नव्हता. या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम हेच होतं.

कच्च्या पाण्यातलं टीसीएल थांबवून क्लोरीन फक्त फिल्टरनंतर द्यायचं ठरलं. परमँगनेटसाठी आधी जार टेस्ट. प्लांटवर सहा प्लास्टिकच्या बरण्यांत कच्चं पाणी घेऊन प्रत्येकीत वाढता डोस घातला. पहिल्या बरणीत गुलाबी छटा क्षणात गेली आणि पाणी पिवळसर राहिलं. मधल्या दोन बरण्यांत गुलाबीचा तपकिरी झाला, तुरटी घातल्यावर तपकिरी फुटी जमून खाली बसल्या आणि वर नितळ पाणी आलं. शेवटच्या दोन बरण्या दहा मिनिटांनीही गुलाबीच. ऑपरेटर बराच वेळ बरण्यांकडे पाहत राहिला. "हे तं तुरटीसारखंच झालं की," तो म्हणाला, आणि पुढचे सगळे डोस त्यानेच ठरवले. रोज सकाळी बरण्या लावायच्या, गुलाबी न राहणारा सर्वांत मोठा डोस निवडायचा आणि त्याहून जरा कमी टाकायचा. अभियंत्यांचा विरोध तिथे मावळला.

खरेदी अडली होती. योजना आठ गावांची, मग पैसा कुणाचा? १५ व्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठी राखलेल्या) निधीतून पाण्यावर खर्च करता येत होता, पण आठ ठराव हवे होते. तीन ग्रामपंचायतींनी आधी ठराव केले आणि त्यांच्या पैशातून पहिला साठा आला. बाकीच्यांचं नंतर पाहू म्हणून.

परिणाम

वास आधी गेला, मग तांबूसपणा, काळेपणा सर्वांत शेवटी. जानेवारीच्या अखेरीस प्लांटमधून निघणारं पाणी मर्यादेत आलं. यातलं किती परमँगनेटमुळे आणि किती धरण आपोआप सावरल्यामुळे, हे सांगता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी चालू होतं. पाइपांत बसलेला काळा थर मात्र होळीपर्यंत सुटून येत राहिला. शेंड्याच्या वॉशआऊटवर (पाइप धुवून काढायच्या तोंडावर) आठवड्यातून एकदा पाणी सोडावं लागलं. शर्टांचे डाग ब्लीचने आणखी गडद झाले, लिंबाने निघाले.

पुढच्या मे महिन्यात, पाणी उतरलेलं असताना, मधलं गेट सोडवून घेतलं. वरचं सुटलं नाही. पावसाळ्याचा गाळ बसल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, खालचं बंद करून मधलं उघडलं. वरचं सुटलं असतं तरी ते घेतलं नसतं, कारण ऑक्टोबरच्या उन्हात पृष्ठभागावर शेवाळ असतं.

आणखी एक गोष्ट केली, जी मला या प्रकरणातली सर्वांत आवडती वाटते. सिंचनाच्या पाटाचा दरवाजा धरणाच्या खालच्या पातळीवर असतो, म्हणजे तो तळाजवळचंच पाणी ओढतो. १५ ऑक्टोबरचा साठा पाहून पिण्याचं आरक्षण आणि रब्बीची आवर्तनं (पाटाला पाणी सोडायच्या पाळ्या) ठरतात. हरभऱ्याचं पहिलं आवर्तन थंडीच्या लाटेआधी, नोव्हेंबरातच सोडावं, अशी विनंती केली. लोह-मँगनीजने हरभऱ्याचं काही बिघडत नाही. सिंचन शाखेतल्या साहेबांनी आधी "पिण्याच्या पाण्याची माणसं सिंचनाला पाणी सोडा म्हणतायत?" म्हणून हसून घेतलं, पण शेतकऱ्यांनाही ते हवंच होतं. पाट सुटला तेव्हा पहिल्या दिवशी त्याच्या तोंडाशी अंड्याचा वास होता.

त्या हिवाळ्यात वास आला नाही आणि काळेपणाच्या तक्रारी मोजक्या घरांतून आल्या. मात्र त्या वर्षी पाऊसही कमी होता, धरण पूर्ण भरलं नव्हतं, म्हणजे थर मुळातच कमी खोल. श्रेय वाटताना एवढं लक्षात ठेवायला हवं.

वेगळं काय करता आलं असतं

तपासणीचं वेळापत्रक पावसाळ्याभोवती बेतलेलं आहे. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, रासायनिक एकदा. विहीर आणि बोअरसाठी हे चालतं. धरणाचं पाणी मात्र ज्या आठवड्यांत बिघडतं, ते दोन्ही नमुन्यांच्या मधे पडतात. रासायनिक नमुना डिसेंबरात घेतला असता तर हा प्रकार आधीच्या वर्षांतही दिसला असता, कारण हलका वास तेव्हाही यायचा. नमुना कुठून घ्यायचा हाही प्रश्न आहे. भिंतीवरून बादली टाकून घेतलेला नमुना वरच्या थराचा, आणि पंप ओढतो खालच्या थरातलं.

टीसीएल वाढवण्याआधी एक बादली पाणी रात्रभर उघडं ठेवून पाहिलं असतं, तर अर्धं निदान तिथेच झालं असतं. एक बादली टीसीएल घालून, एक न घालता. घातलेली जास्त काळी पडली तर दोष जंतूंचा नाही. आता हे जलसुरक्षकाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं आहे, आणि एच२एस तक्त्यात 'किती वेळात काळी' असा रकाना वाढवला आहे.

गाळपेरीवर बंदी घालावी, असा ठराव एका गावाने केला होता. मला तो पटला नाही. उतरत्या पाण्यामागे टरबूज-काकडी लावणारी कुटुंबं थोडी आहेत आणि पाणलोटातून येणारा पालापाचोळा त्याच्या कित्येक पट. कापणीनंतर खोडं उचलून नेण्याची अट घातली, ती बहुतेक जण पाळतात. गाळ काढण्याबद्दल जास्त काळजी वाटते. 'गाळमुक्त धरण' योजनेतून गाळ नेणं चांगलंच, तळाचं मँगनीज त्याच्याबरोबर जातं. पण जेसीबीवाला जिथे रस्ता सोपा तिथे खणतो, आणि मागच्या उन्हाळ्यात त्याने नेमका जॅकवेलच्या पायथ्याशी खड्डा केला. तिथलं पाणी वाऱ्यानेही हलत नाही.

ऑक्टोबर ते जानेवारी दर पंधरा दिवसांनी मच्छीमार संस्थेचा माणूस डोंग्यातून वरचं आणि तळाचं तापमान घेतो. फरक दोन अंशांच्या खाली आला की ऑपरेटरला फोन, आणि परमँगनेटचा डबा कपाटातून बाहेर. यासाठी संस्थेला मानधन द्यायचं ठरलं होतं. दोन ग्रामपंचायती देतात, बाकी सहांचं "पुढच्या बैठकीत" चाललंय. वरच्या गेटचा स्पिंडल बदलण्याचा प्रस्ताव धरणवाल्यांकडे गेला, तिथून जॅकवेल आमचा नाही म्हणून परत आला, आणि आता योजनेच्या यंत्रणेकडे अंदाजपत्रकासाठी पडून आहे.